एकाच यादीतली दोन गिधाडे: पांढऱ्या पाठीचे आणि लांब चोचीचे

महाराष्ट्रात आजही घरटी करणारी मोठी गिधाडे मुख्यतः दोन जातींची आहेत: पांढऱ्या पाठीचे गिधाड आणि लांब चोचीचे गिधाड. जागतिक लाल यादीत दोन्ही 'अतिसंकटग्रस्त' या एकाच श्रेणीत आहेत. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये दोन्हींची नावे आहेत, आणि दोन्हींचा घात केला तो डायक्लोफिनॅक या एकाच औषधाने. एवढे सारखेपण पाहिले की एक योजना आखली म्हणजे दोघांचे काम झाले, असे वाटू लागते. प्रत्यक्षात एकाचे घरटे गावाशेजारच्या आंब्यावर असते आणि दुसऱ्याचे सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर. एकाला झाड तोडणाऱ्यापासून वाचवायचे असते, दुसऱ्याला कड्यावरून दोर सोडणाऱ्यापासून. त्यामुळे कुठल्याही ठिकाणी काम सुरू करण्याआधी समोर कोणते गिधाड आहे हे नक्की करावे लागते.

वर्गीकरण कुठे उपयोगी पडते

भारतात गिधाडांच्या नऊ जाती नोंदल्या गेल्या आहेत. सगळी जुन्या जगातली, म्हणजे आशिया, युरोप आणि आफ्रिकेतली गिधाडे. ती ॲक्सिपिट्रिडी या कुलात मोडतात. घार, शिक्रा, गरुड हे याच कुलातले. अमेरिकेतली गिधाडे दिसायला तशीच, डोके तसेच बोडके, पण त्यांचे कुल वेगळे, कॅथार्टिडी. मेलेले जनावर खाण्याची सवय दोन्हीकडे स्वतंत्रपणे आली आणि त्या सवयीने दोघांना एकसारखे रूप दिले. नाते मात्र दूरचे आहे.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. गुरांना दिल्या जाणाऱ्या आणि त्यांच्या शवातून गिधाडांच्या पोटात जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा एक मिलिग्रॅमही आपल्या गिधाडाला मारू शकतो. अमेरिकेतल्या टर्की गिधाडांना प्रयोगात, दर किलो वजनामागच्या हिशेबाने, त्याच्या शंभरपटीहून जास्त मात्रा दिली तरी विषबाधा दिसली नाही. उलट आपल्या दोन्ही जाती ज्या जिप्स प्रजातीतल्या आहेत, त्या प्रजातीतल्या ज्या ज्या गिधाडांवर हे औषध तपासले ती मेली, मग ती आशियातली असोत की आफ्रिकेतली. म्हणून एखादे नवे औषध गिधाडांना चालेल का हे ठरवताना जवळचा नातेवाईक शोधावा लागतो. मेलॉक्सिकॅम हे औषध आधी आफ्रिकेतल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर तपासले गेले आणि तिथे ते सुरक्षित ठरल्यावरच आशियातल्या दुर्मीळ जातींना दिले गेले. नात्याची ही माहिती नसती, तर उरलेल्या मोजक्या पक्ष्यांवरच चाचण्या कराव्या लागल्या असत्या.

जिप्स प्रजातीत जगभरात आठ जाती आहेत. त्यातल्या पाच भारतात दिसतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे शास्त्रीय नाव जिप्स बेंगालेन्सिस, लांब चोचीच्याचे जिप्स इंडिकस. पहिल्याचे वर्णन १७८८ साली ग्मेलिनने केले, दुसऱ्याचे १७८६ साली स्कोपोलीने. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या शेपटीत मोठी पिसे बारा असतात, तर इतर बहुतेक जिप्स गिधाडांत चौदा. या दोन पिसांच्या फरकावरून त्याला एकेकाळी स्यूडोजिप्स नावाच्या वेगळ्या प्रजातीत ठेवले होते. पुढे डीएनएची तुलना झाली तेव्हा ते जिप्समध्येच बसते, पण या घराण्यातून सगळ्यांत आधी वेगळे झालेले आहे, असे दिसले.

लांब चोचीच्या गिधाडाची गोष्ट उलटी आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत 'लांब चोचीचे' या एकाच नावाखाली दोन पक्षी मोजले जात होते. २००१ मध्ये त्यांतला गंगेच्या मैदानात, हिमालयाच्या पायथ्याशी आणि पुढे आसाम ते आग्नेय आशियापर्यंत राहणारा, सडपातळ चोचीचा पक्षी वेगळा काढून त्याला जिप्स टेन्युइरोस्ट्रिस ही स्वतंत्र जाती मानले गेले. दख्खनचा कडेकपारीतला पक्षी जिप्स इंडिकस राहिला. त्याला हल्ली भारतीय गिधाड असेही म्हणतात. जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. १९९५ सालच्या वहीत 'लांब चोचीचे गिधाड, ४०' असे लिहिलेले असेल आणि नोंद उत्तर प्रदेशातली असेल, तर ती आजच्या कोणत्या जातीची हे ठिकाण आणि घरट्याची जागा पाहूनच ठरवावे लागते. महाराष्ट्रातल्या नोंदींत हा गोंधळ होत नाही, कारण सडपातळ चोचीचे गिधाड इकडे राहत नाही.

उडताना आणि बसलेले असताना ओळख

वजनावरून ओळखायला जाऊ नये. पांढऱ्या पाठीचे गिधाड जिप्समध्ये सर्वांत लहान असले तरी साडेतीन ते साडेसात किलोपर्यंत भरते. लांब चोचीचे साधारण साडेपाच ते सव्वासहा किलोचे असते. पंखांचा पसारा दोघांचाही दोन मीटरच्या आसपास किंवा त्याहून थोडा जास्त. आकाशात तीनशे मीटरवर असलेल्या पक्ष्याचे वजन कोणालाच सांगता येत नाही.

रंग मात्र बरेच काही सांगतो. पूर्ण वाढीचे पांढऱ्या पाठीचे गिधाड गडद, जवळजवळ काळपट असते. खालून पाहिले तर पंखाचा पुढचा अर्धा भाग स्वच्छ पांढरा आणि मागची उड्डाणपिसे काळी. अंग काळपट आणि पंखाचे अस्तर पांढरे, ही जोडी दिसली की शंका उरत नाही. ते वळले आणि वरची बाजू दिसली, तर शेपटीच्या वर, पाठीच्या खालच्या भागावर पांढरा पट्टा चमकतो. मानेभोवती पांढऱ्या लवेची कॉलर असते. चोच आखूड, जाड आणि गडद, पण वरच्या भागावर रुपेरी झाक असते.

लांब चोचीचे गिधाड याच्या उलट, फिकट अंगाचे. पाठ आणि पोट वाळूच्या रंगाचे, उड्डाणपिसे गडद. म्हणजे खालून पाहताना अंग उजळ आणि पंखाची मागची कड काळी दिसते. डोके आणि मान गडद, त्यावर विरळ लव. चोच लांबट आणि फिकट पिवळसर. हे गिधाड कड्यावर उन्हात बसलेले असले की दुर्बिणीतून चोचीचा फिकेपणा बराच लांबून कळतो.

फसगत होते ती अल्पवयीन पक्ष्यांत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या पिल्लाला पांढरी पाठ नसते. ते तपकिरी असते, पोटावर फिकट रेघा असतात, आणि प्रौढ पिसारा यायला चार-पाच वर्षे लागतात. नवशिक्या निरीक्षकांच्या यादीत 'लांब चोचीचे' म्हणून लिहिलेले कित्येक पक्षी खरे तर पांढऱ्या पाठीचे तरुण पक्षी असतात. हिवाळ्यात आणखी भर पडते, कारण युरेशियन ग्रिफन आणि हिमालयीन ग्रिफन ही गिधाडे दक्षिणेकडे उतरतात. शंका असेल तेव्हा पंखांच्या खालचा, वरचा आणि चोचीचा असे तीन फोटो घ्यावेत आणि नोंदीत 'जिप्स, जात अनिश्चित' असे लिहावे. अंदाजाने लिहिलेली जात पुढे आकडेमोडीत खरी म्हणून मोजली जाते, आणि मग ती चूक शोधून काढणे कठीण जाते.

झाड आणि कडा

पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर घरटे करते, बहुधा सैल वसाहतीत, एका झाडावर एक किंवा अधिक. वड, पिंपळ, आंबा, अर्जुन, नदीकाठची जुनी झाडे, रस्त्याकडेची झाडे त्याला चालतात. कोकणात ते नारळावरही घरटे करते. माणसांच्या वस्तीचे त्याला वावडे नव्हते. १९७०च्या सुमारास दिल्ली शहरात त्याच्या सुमारे ४०० जोड्या होत्या, आणि १९८५ मध्ये जगातला कदाचित सर्वाधिक संख्येचा मोठा शिकारी पक्षी म्हणून त्याचा उल्लेख झाला होता. मुंबईच्या मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाच्या अंत्यविधीचे काम गिधाडांवरच अवलंबून होते. ती नाहीशी झाल्यावर तिथे सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांची मदत घ्यावी लागली.

लांब चोचीच्या गिधाडाला कडा लागतो. कातळातले आडवे कोनाडे, जिथे खालून कोल्हा-बिबट्या येत नाही आणि दुपारी हवेचा झोत कड्याला लागून वर चढतो, अशा जागी ते घरटे करते. सह्याद्रीचे बेसाल्टचे थर या कामाला फार सोयीचे, कारण दोन लाव्हाथरांच्या मधला मऊ भाग झिजून आपोआप कोनाडे तयार होतात. नाशिकजवळच्या अंजनेरीचे कडे ही त्याची ओळखीची जागा. कर्नाटकात रामनगरचे ग्रॅनाइटचे डोंगर याच पक्ष्यासाठी २०१२ मध्ये गिधाड अभयारण्य म्हणून राखले गेले. मध्य प्रदेशात बेतवा नदीकाठी ओरछाच्या उंच छत्र्यांवर ते घरटी करते. माणसाने बांधलेला दगडी कडा त्याला नैसर्गिक कड्याइतकाच चालतो. राजस्थानात, जिथे कडे नाहीत तिथे, ते झाडावर घरटे केल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे 'झाडावर म्हणजे पांढऱ्या पाठीचे' हा नियम महाराष्ट्रात बहुतेक वेळा खरा ठरला तरी डोळे झाकून वापरू नये.

देशोदेशीचा पसाराही वेगळा आहे. लांब चोचीचे गिधाड जवळजवळ पूर्णपणे भारताचे, गंगेच्या दक्षिणेकडचे. पाकिस्तानात सिंधच्या नगरपारकर भागात थोडे पक्षी आहेत, बस्स. आपण ते गमावले तर ते दुसरीकडून येणार नाही. पांढऱ्या पाठीचे गिधाड पाकिस्तानापासून नेपाळ, बांगलादेश, म्यानमार, कंबोडियापर्यंत पसरलेले होते. आग्नेय आशियात ते कमी झाले त्याला कारण डायक्लोफिनॅक नव्हते. तिथे मोठे वन्य प्राणी घटले आणि गिधाडांना खायलाच उरले नाही. एकाच जातीच्या ऱ्हासाला दोन प्रदेशांत दोन वेगळी कारणे असू शकतात, हे यातून ठळकपणे दिसते.

महाराष्ट्रात पांढऱ्या पाठीची गिधाडे मुख्यतः रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यात आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात टिकून आहेत, तर लांब चोचीची गिधाडे मुख्यतः सह्याद्रीच्या कड्यांवर.

मूत्रपिंडात काय घडले

पक्षी शरीरातली नत्राची घाण युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. हे काम मूत्रपिंडाचे. डायक्लोफिनॅक पोटात गेले की जिप्स गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, युरिक आम्ल रक्तात साचते आणि हृदय, यकृत, आतडी यांवर पांढऱ्या खडूसारखा थर बसतो. पक्षी मान खाली टाकून बसून राहतो आणि साधारण दोन-तीन दिवसांत मरतो. पाकिस्तानातल्या मेलेल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचा अभ्यास करून २००४ मध्ये हे कारण सिद्ध झाले. त्याआधी कित्येक वर्षे एखादा अज्ञात विषाणू शोधण्यात गेली.

मात्रेचा हिशेब पाहिला की हे एवढ्या वेगाने कसे झाले ते कळते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला मारायला दर किलो वजनामागे सुमारे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम पुरते. पाच किलोच्या पक्ष्याला म्हणजे अर्धा ते एक मिलिग्रॅम. तीनशे किलोच्या गाईला दर किलोला एक मिलिग्रॅम या हिशेबाने तीनशे मिलिग्रॅम टोचले जाते. ती गाय औषध दिल्यावर साधारण तीन दिवसांच्या आत मेली, तर यकृत, मूत्रपिंड आणि टोचल्याच्या जागेभोवतीचे मांस गिधाडांसाठी घातक राहते. आणि गिधाडे एकेकटी जेवत नाहीत. एका गाईवर पन्नास-साठ पक्षी उतरतात.

म्हणूनच सगळ्या गुरांना हे औषध द्यावे लागले नाही. संशोधकांनी मांडलेल्या हिशेबानुसार, मृत जनावरांपैकी ०.१३ ते ०.७५ टक्के जनावरांत घातक मात्रा असली तरी प्रत्यक्ष दिसली तेवढी घट होऊ शकते. म्हणजे दर हजार मृत जनावरांत एक ते आठ. भारतात बंदीच्या आधी तपासलेल्या शवांत हे औषध सुमारे १० ते ११ टक्के नमुन्यांत सापडत होते.

दुसरे कारण पक्ष्याच्या आयुष्यक्रमात आहे. दोन्ही जाती वर्षाला एकच अंडे घालतात. साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत अंडे, दीड ते पावणेदोन महिने उबवण, नंतर तीन-चार महिने पिल्लू घरट्यात. पिल्लू स्वतः घरटे करायला लागेपर्यंत पाचेक वर्षे जातात. ही व्यवस्था चालते, कारण प्रौढ पक्षी सहसा मरत नाही आणि दीर्घकाळ जगतो. डायक्लोफिनॅकने नेमके प्रौढ पक्षी मारले. जिथे वर्षाला शंभर प्रौढांपैकी पाच मरायचे तिथे वीस-तीस मरू लागले, तर एका अंड्याने ती तूट कधीच भरून निघत नाही.

'अतिसंकटग्रस्त' म्हणजे नेमके काय

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत जाती ठेवताना फक्त 'किती उरले' हे पाहत नाहीत. 'किती वेगाने घटले' हाही निकष आहे. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ८० टक्के किंवा त्याहून जास्त घटली आणि कारण अजून संपलेले नसेल, तर जाती अतिसंकटग्रस्त ठरू शकते, मग तिचे काही हजार पक्षी शिल्लक असले तरी. दुसऱ्या निकषाने, प्रौढ संख्या ५० पेक्षा कमी असेल तरी तीच श्रेणी मिळते. दोन्ही गिधाडे २००० पासून या श्रेणीत आहेत, आणि ती घटीच्या वेगामुळे. म्हणून 'अजून बारा हजार आहेत, मग अतिसंकटग्रस्त कसे' हा प्रश्न वरवर बरोबर वाटला तरी निकष न समजल्यामुळे पडतो.

श्रेणी एक असली तरी आकडे एक नाहीत. वाहनातून ठरलेल्या रस्त्यांवर पुन्हापुन्हा केलेल्या मोजण्यांनुसार, १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीचे गिधाड ९९.९ टक्के घटले. लांब चोचीचे आणि सडपातळ चोचीचे मिळून ९६.८ टक्के घटले. त्या मोजण्यांना सुरुवात झाली तेव्हा ही दोन एकच मानली जात होती, म्हणून आकडाही एकत्रच आहे. वर्गीकरणातला बदल संवर्धनाच्या आकड्यात असा उतरतो.

९९.९ आणि ९६.८ ऐकायला शेजारचे वाटतात. पण हजार पक्षी धरले तर पहिल्या जातीचा एक उरला, दुसऱ्या जोडीचे बत्तीस. उरलेल्यांच्या प्रमाणात हा फरक बत्तीसपट आहे. २०१५ च्या मोजणीवरून भारतात पांढऱ्या पाठीची सुमारे ६,०००, लांब चोचीची सुमारे १२,००० आणि सडपातळ चोचीची सुमारे १,००० गिधाडे असावीत असा अंदाज काढला गेला. एकेकाळचे सर्वांत विपुल गिधाड आज कडेकपारीतल्या भावंडाच्या निम्म्यावर आहे.

गिधाडे गेल्याची किंमत माणसांनीही मोजली. मोकळी पडलेली शवे कुत्र्यांच्या वाट्याला गेली. गिधाडे जिथे भरपूर होती त्या भारतीय जिल्ह्यांत २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जादा मानवी मृत्यू झाले, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने मांडला आहे.

औषधाचे नियम आणि त्यांतल्या फटी

भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. आपल्याकडे फट राहिली ती माणसांच्या औषधात. माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी सर्रास वापरल्या जात. २००८ पर्यंत शवांतले प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरले, पण शून्य झाले नाही. २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकेका मात्रेच्या कुपीपुरते मर्यादित केले. त्या लहान कुप्यांनी गाईला पूर्ण डोस द्यायचा तर अनेक कुप्या फोडाव्या लागतात, आणि तेच हवे होते.

दुसरी फट म्हणजे पर्यायी औषधे. ॲसिक्लोफिनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच बनते. किटोप्रोफेन गुरांना दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या मात्रेत गिधाडांना मारते. या दोन्हींवर २०२३ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तर निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस. फ्लुनिक्सिनही गिधाडांच्या मृत्यूशी जोडले गेले आहे. चाचणीत सुरक्षित ठरलेली दोन औषधे म्हणजे मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड. मेलॉक्सिकॅमची गुरांसाठीची नेहमीची मात्रा दर किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे. प्रति मिलिलिटर ५ मिलिग्रॅमचे द्रावण असेल तर तीनशे किलोच्या गाईला ३० मिलिलिटर लागते. 'मेलॉक्सिकॅमने गुण येत नाही' अशी तक्रार पशुपालकांकडून येते, तेव्हा अनेकदा मात्रा कमी पडलेली असते किंवा आजाराला वेदनाशामकापेक्षा वेगळाच उपचार हवा असतो. हे पशुवैद्यकाने पाहायचे काम आहे, औषध दुकानदाराने नाही.

जिथे जात बदलते तिथे काम बदलते

औषधाचे काम दोन्ही जातींसाठी सारखेच आहे, आणि त्याचा आवाका मोठा ठेवावा लागतो, कारण गिधाड एका दिवसात फार लांब उडते. गिधाड सुरक्षित क्षेत्र, म्हणजे गिधाडांना घातक औषधांपासून मुक्त ठेवायचा भाग, आखताना घरट्यांच्या वसाहतीभोवती १०० किलोमीटरची त्रिज्या धरतात. क्षेत्रफळ होते सुमारे ३१,४०० चौरस किलोमीटर. म्हसळ्याभोवती असे वर्तुळ काढले की ते मुंबई आणि पुण्यापर्यंत पोहोचते. एका तालुक्यातली दुकाने तपासून काम भागत नाही ते यामुळे.

त्यापुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडासाठी झाडाचा मालक हा सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो. घरट्याचे झाड बहुधा खासगी बागेत किंवा गावाच्या हद्दीत असते. नारळावर घरटे असेल, तर डिसेंबर ते एप्रिल त्या झाडावर नारळ पाडायला माणूस चढवता येत नाही. मालकाचे तेवढे उत्पन्न बुडते आणि ते भरून द्यावे लागते. झाड वाचवायचे तर शेजारची दोन-तीन उंच झाडेही वाचवावी लागतात, कारण वसाहत एका झाडावर टिकत नाही आणि वादळात झाड पडले तर जोडीला लगेच दुसरी जागा हवी असते. कोकणपट्टीला चक्रीवादळाचा धोका आहेच.

लांब चोचीच्या गिधाडाच्या कड्याला मालकाचा प्रश्न फारसा नसतो. तिथे त्रास होतो तो गिर्यारोहण, दोरावरून उतरण्याचे कार्यक्रम, कड्याजवळ उडवलेले ड्रोन आणि पायथ्याशी लावलेले वणवे यांचा. उबवणारा पक्षी घाबरून उठला तर अंडे कोनाड्यातून घरंगळते किंवा उन्हात तापते, आणि जोडीचे ते वर्ष वाया जाते. नोव्हेंबर ते मे या काळात घरट्यांच्या कड्यावर चढाईचे मार्ग बंद ठेवणे हा साधा उपाय आहे. निरीक्षणासाठी समोरच्या डोंगरधारेवरून स्पॉटिंग स्कोप लावावा. कोनाड्याखालचे पांढरे विष्ठेचे ओघळ लांबूनच दिसतात. मात्र ओघळ म्हणजे चालू घरटे नव्हे, ती नुसती बसायची जागाही असू शकते. उबवणारा पक्षी किंवा पिल्लू दिसल्यावरच घरटे मोजावे.

गिधाडांचे उपाहारगृह, म्हणजे सुरक्षित शवे ठेवण्याची राखीव जागा, दोन्ही जातींना उपयोगी पडते. नाशिकच्या हरसूल भागात खोरीपाडा इथे आणि गडचिरोलीत अशा जागा वन विभागाने चालवल्या आहेत. जागा उघडी हवी, कारण पोट भरलेल्या गिधाडाला उडायला धावपट्टी लागते. जवळ बसायला उंच झाडे आणि पाणी हवे. वीजवाहिन्या आणि विमानतळ दूर हवेत. कुत्र्यांसाठी कुंपण हवे, नाहीतर शवे त्यांच्याच पोटात जातात. जनावराच्या मालकाला मरणाआधीच्या किमान आठवड्यात कोणते इंजेक्शन दिले ते विचारावे आणि उत्तर अस्पष्ट असेल तर ते शव घेऊ नये. वेदना थांबवण्यासाठी पशुवैद्यकाने झोपवून मारलेल्या जनावराचे शव तर कधीच ठेवू नये. त्यातले औषधही गिधाडांना मारते. भटकी कुत्री किंवा बिबट्या मारण्यासाठी शवावर कीटकनाशक टाकणे हा तर एका रात्रीत अख्खी वसाहत संपवणारा प्रकार आहे.

उपाहारगृहाने डायक्लोफिनॅकचा प्रश्न सुटेल, ही अपेक्षा मात्र चूक. गिधाडे तिथलेच खातील असे नाही. जिथे अन्नच कमी आहे, जसे कोकणात गुरे घटल्यामुळे झाले आहे, तिथे त्याचा खरा फायदा होतो. नेपाळने औषधबंदी आणि सुरक्षित खाद्यस्थळे दोन्ही एकत्र चालवली, आणि तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सावरताना दिसली.

पिंजऱ्यातून परत जंगलात

हरियाणातल्या पिंजोरमध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि राज्याचा वन विभाग मिळून जटायू संवर्धन प्रजनन केंद्र चालवतात. २००१ मध्ये तिथे आजारी गिधाडांसाठी काम सुरू झाले आणि पुढे प्रजनन. तिथून जानेवारी २०२४ मध्ये वीस गिधाडे महाराष्ट्रात आणली. दहा पांढऱ्या पाठीची ताडोबाला, दहा लांब चोचीची पेंचला. आधी मोठ्या पिंजऱ्यात ठेवून त्यांना तिथल्या हवामानाची सवय केली आणि मग ठावठिकाणा कळवणारे टॅग लावून सोडले. त्यांतले एक पांढऱ्या पाठीचे गिधाड थेट तमिळनाडूपर्यंत पोहोचले आणि तिथे विजेच्या धक्क्याने मेले. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला पाणी, निवारा आणि शव शोधणे शिकावे लागते. टॅगमुळे तो मेला कुठे आणि कशाने हे तरी कळते, आणि पुढच्या तुकडीसाठी कोणत्या वीजवाहिन्यांना आवरण घालायचे ते ठरवता येते.

जमिनीवर मान टाकून बसलेले किंवा मेलेले गिधाड सापडले, तर त्याला पाणी पाजायला किंवा पुरायला जाऊ नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ठिकाण, वेळ, आसपास शव आहे का आणि जवळ वीजतार आहे का, हे सांगावे. मृत पक्षी सावलीत, कुत्र्यांपासून दूर ठेवावा. मूत्रपिंड आणि यकृताचे नमुने लवकर थंड ठेवले तरच औषधाची तपासणी होते. उन्हाळ्यात एक दिवस उशीर झाला तरी नमुना बाद होऊ शकतो.